माझ्या हातचा जाम

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

खोक्यात दोन बाटल्या आहेत. त्या आधी बाहेर काढ, टेबलावर ठेव आणि मग हे पत्र वाच.

जाम आहे. स्ट्रॉबेरीचा. आणि विकतचा नाही, घरी केलेला, मी केलेला! तू हसतेयस ते मला इथून दिसतंय. लग्नाआधी मी अंडं उकडताना पातेलं जाळलं होतं, हे तू आजवर चारचौघांत किती वेळा सांगितलंस? आता त्या चारचौघांना हा जाम चाखायला दे.

आमच्या क्लबात हल्ली घरच्या वस्तूंचं वारं शिरलंय. अध्यक्षीणबाईंनी घरी साबण केला. त्याला फेस येत नाही, पण त्या म्हणतात, अस्सल साबणाला येतच नसतो. खजिनदारीणबाईंनी पाव भाजला. तो कापायला त्यांच्या यजमानांना गॅरेजमधून करवत आणावी लागली, तरी सगळ्याजणी 'किती अस्सल!' म्हणत चावत बसल्या होत्या. मग मी काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या?

तेव्हा मी मनावर घेतलं. आमच्या स्वयंपाकाच्या मावशीने फक्त बाजारातून फळं आणली, ती निवडली, धुतली, चिरली, साखर मोजून मुरत घातली, गॅसपाशी उभी राहून ढवळली आणि बाटल्या उकळून भरल्या. बाकी सगळं मी केलं. बाटलीच्या तोंडाला चौकड्यांचं कापड आणि लाल रिबन ही कल्पना माझीच. बांधलं तिने, कारण माझ्या हातची गाठ सुटते.

क्लबात बाटली उघडली आणि पाच मिनिटांत तळ दिसला. अध्यक्षीणबाई नुसतं 'बरा आहे' म्हणाल्या, म्हणजे जळाल्या. यांनी टोस्टचे चार तुकडे खाल्ले आणि विचारलं, "मावशीने केला का?" नवऱ्यांना बायकोचं कौतुक करता येत नाही ते नाहीच.

कसा झालाय ते कळव.

तुझी,
छोटी


१२ फेब्रुवारी

छोटे,

दोन्ही बाटल्या धड पोचल्या. एक संपली आहे, दुसरीत चमचा आहे.

खोटं बोलायची मला सवय नाही, म्हणून सांगते, जाम उत्तम आहे. फळाचा तुकडा दाताखाली येतो, साखर घशाशी येत नाही आणि रंग लालच राहिलाय, काळवंडलेला नाही. औषधाच्या दुकानात चाळीस वर्षं पाक उकळून खोकल्याची सिरपं केली, त्यामुळे मला यातलं चार आणे कळतं. हा जाम करणाऱ्या हाताला आच कळते. ती शिकवून येत नाही.

म्हणून विचारते. स्ट्रॉबेरी धुऊन मग देठ काढलेस, की देठ काढून मग धुतल्यास? लिंबू केव्हा पिळलंस? जाम तयार झाला हे कशावरून ओळखलंस? आणि ढवळायला चमचा कुठला घेतलास?

माझं म्हणशील तर बरं चाललंय. दुकान बंद केल्याला दोन वर्षं होतील. पुढची खोली तशीच आहे. मोठी मोरी, नळ, काचेची कपाटं, तराजू, सगळं जागच्या जागी. भाड्याने मागायला दर आठवड्याला कुणीतरी येतं आणि प्रत्येकाला तिथे मोबाइलचंच दुकान काढायचं असतं. मी नाही म्हणते. मग संध्याकाळी त्या रिकाम्या खोलीत बसून रस्ता बघते आणि वाटतं, उगाच नाही म्हटलं.

तुमच्या मावशींना नमस्कार सांग.

ताई


१८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मी क्लबात वाचून दाखवलं. 'हा जाम करणाऱ्या हाताला आच कळते' हे दोनदा वाचलं. मागच्या रांगेत ऐकू आलं नसेल, असं मला वाटलं.

तेच पत्र प्रश्नांसकट मावशीलाही वाचून दाखवलं, सहज गंमत म्हणून. ती म्हणाली, देठासकट धुवायच्या, देठ आधी काढले तर पाणी आत शिरतं. लिंबू उकळी आल्यावर. आणि थंड बशीवर थेंब टाकून बोटाने सरकवायचा, सुरकुती पडली की जाम झाला. मला हे सगळं ठाऊक होतंच, पण खात्री केलेली बरी. चमच्याचं तिने काही सांगितलं नाही, नुसती हसली. आणि हो, तुझा नमस्कार सांगितला तर गडबडलीच. म्हणाली, "मला?"

आता खरी बातमी. क्लबाने १ मार्चला 'माझ्या हातचा' अशी स्पर्धा ठेवली आहे. स्टेजवर, सगळ्यांसमोर, तासाभरात पदार्थ करून दाखवायचा. ही अध्यक्षीणबाईंची चाल आहे. त्यांचा साबण तासाभरात होत नाही म्हणून त्या स्वतः सुटल्या! परीक्षक म्हणून एका बाईंना बोलावलंय, त्यांनी तीस वर्षं जामच्या कारखान्यात नुसती चव घेण्याचं काम केलं. असली नोकरी असते हे मला आधी माहीत असतं तर मीही केली असती.

सराव म्हणून काल मावशीला बाजूला उभं केलं आणि सगळं स्वतः केलं. मस्त चाललं होतं. तेवढ्यात खजिनदारीणबाईंचा फोन आला, आणि त्यांना फोन कसा ठेवावा हे कुणी शिकवलेलंच नाही. मी परत आले तेव्हा मावशी पातेल्याकडे बघत उभी. मी म्हटलं, "अगं, गॅस बंद करायचास ना!" तर म्हणाली, "बाई, तुम्हीच म्हणालात, हात लावू नकोस." पातेलं तेव्हापासून भिजतंय.

पण मी हरणारी नाही. एक मदतनीस चालतो असं नियमात आहे. मी उजव्या हाताला पट्टी बांधून जाणार. हात भाजला, काय करणार! मी सांगेन आणि मावशी करेल. आहे की नाही युक्ती?

तुझी,
छोटी


२३ फेब्रुवारी

छोटे,

चाळीस वर्षं लोकांना पट्ट्या विकल्यात मी. खरं भाजलेला माणूस पट्टी कशीही गुंडाळतो. खोटी पट्टी फार नीटनेटकी असते, आणि ती लगेच ओळखू येते.

सरळ सांग ना, जाम मावशी करतात. एका वाक्यात काम होईल आणि दोन्ही हात मोकळे राहतील.

ताई


५ मार्च

प्रिय ताई,

पहिला नंबर! चषक दिवाणखान्यात मधोमध ठेवलाय. यांना टीव्हीचा कोपरा दिसत नाही, पण ते मान वाकडी करून बघतात.

पहिल्यापासून सांगते. हॉल खच्चून भरलेला. स्टेजवर सहा गॅस, सहा टेबलं. माझी पट्टी छान बसली होती. अध्यक्षीणबाई जवळ येऊन म्हणाल्या, "अरेरे, केव्हा भाजलं?" मी म्हटलं, "मंगळवारी." मावशी त्याच वेळी म्हणाली, "सोमवारी." पण हसण्यावारी गेलं.

मग मी सूचना द्यायला लागले. "मावशी, आता साखर घाला." तर साखर तिने कधीच घातली होती. "मावशी, जरा नीट ढवळा." तर ती म्हणाली, "आता नाही ढवळायचं, बाई." माइक चालू होता. परीक्षकबाई कान टवकारून पुढे आल्या आणि मला विचारलं, "का बरं नाही ढवळायचं?"

ताई, माझ्या तोंडून निघालं, "चमच्याला विश्रांती म्हणून."

सगळा हॉल हसला. मी विनोदच केला असं दाखवून हसले. परीक्षकबाई नाही हसल्या. त्या मावशीकडे वळल्या. मग दोघींचं जे सुरू झालं ते संपेना. फेस केव्हा काढायचा, चार पिकल्या फळांत एक जराशी कच्ची का घालायची, एका वेळी दोन किलोच्या वर का करू नये. मी मध्ये दोन-तीनदा "अगदी बरोबर" म्हटलं. परीक्षकबाईंनी बशीवरच्या थेंबाला बोट लावलं, चाखलं, डोळे मिटले आणि मावशीला विचारलं, "बाई, तुम्ही कुठे शिकलात हे?" मावशी म्हणाली, "करता करता." इतकं त्रोटक बोलते ती. मी असते तर जरा खुलवून सांगितलं असतं.

चषक घेताना घाईत मी पट्टीचा हात पुढे केला आणि चांगला घट्ट धरला. फोटोत ते आलंय. क्लबाच्या भिंतीवर तोच फोटो लावणार म्हणतात. खजिनदारीणबाई म्हणाल्या, "जखम लवकर भरली." कुत्सित मेल्या.

चषकाबरोबर एक टॉवेलही मिळाला होता. तो मी मावशीला देऊन टाकला. मी काही कुणाचं श्रेय ठेवून घेणारी नाही. पण परत येताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. दमली असेल.

तुझी विजयी,
छोटी


९ मार्च

ताईंना नमस्कार,

मी तुमच्या बहिणीकडे स्वयंपाकाला आहे, अकरा वर्षं झाली. त्यांची पत्रं पेटीत टाकायला मीच जाते, म्हणून पत्ता पाठ आहे. न विचारता लिहिते, माफ करा.

तुम्ही पत्रात विचारलं होतं, चमचा कुठला. बाईंनी वाचून दाखवलं तेव्हा मी बोलले नाही. चमचा लाकडी, लांब दांड्याचा, माझा स्वतःचा. घरून नेते आणि परत आणते. त्याच्या दांड्याला मी सुरीने खूण केली आहे, जाम उकळून किती खाली आला म्हणजे गॅस बारीक करायचा ते कळायला. असं कुणी आजवर विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा वाटलं, ह्यांना कळलंय.

बाई वाईट नाहीत. तापात त्यांनी मला डॉक्टरकडे नेलं होतं. स्पर्धेच्या वेळी स्टेजवर त्या मला 'तुम्ही' म्हणाल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, ते लोकांसाठी होतं. गाडीत बसल्याबरोबर 'मावशी, दार नीट लाव' म्हणाल्या. त्याचं एवढं वाईट का वाटलं मला कळत नाही, पण वाटलं.

त्या परीक्षकबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तुम्ही स्वतःचा जाम करा, दुकानांत ठेवायचं मी बघते. माझ्या खोलीत नळ नाही आणि एकच शेगडी आहे. तुमच्या पत्रात पुढच्या खोलीचं होतं. मोठी मोरी आहे असं लिहिलं होतं. मुलगी तिच्या घरी सुखात आहे, मला इथे अडकून पडायचं कारण नाही.

नाही म्हणालात तरी राग नाही. मोबाइलचं दुकान काढणार नाही एवढं नक्की.

तुमच्या बहिणीकडची मावशी


२५ मार्च

प्रिय ताई,

वीस दिवस झाले, तुझं पत्र नाही. बहीण पहिली आली तर चार ओळी अभिनंदनाच्या लिहायला काय झालं?

इकडे आभाळ फाटलंय. मावशी गेली! आठ दिवस आधी सांगून, बदलीची बाई शोधून देऊन, डबे घासूनपुसून गेली. कारण विचारलं तर म्हणाली, "काम मिळालंय." मी म्हटलं, "अगं, इथे काय तू खेळत होतीस?" तर पुन्हा तशीच हसली. मला वाटतं, घरी कुणीतरी आजारी असणार आणि सांगायला लाज वाटली असणार. स्वभावच मुखदुर्बळ.

बदलीची बाई सूप फार चांगलं करते, पण जाम म्हटल्यावर म्हणाली, "तो तर दुकानात मिळतो की."

आणि नेमकं आत्ताच, ताई, क्लबाच्या वर्धापनदिनाला नगराध्यक्ष येणार आहेत. अध्यक्षीणबाईंनी भर सभेत जाहीर केलं, "पाहुण्यांना आपल्या विजेत्या बाईंच्या हातचा जाम, बारा बाटल्या!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, दुसरं काय करणार?

तेव्हापासून मी जाम करतेय. खरंच मी, एकटी, दार लावून. पहिला घाणा पातळ झाला, आम्ही तो सरबत म्हणून प्यायलो. दुसरा इतका घट्ट झाला की बाटलीत ओतला तो आजतागायत बाहेर आलेला नाही. यांनी उलटी करून पाहिली, ठोकून पाहिली, शेवटी म्हणाले, "टायर पंक्चर झालं तर उपयोगी पडेल." तिसऱ्याच्या वेळी मी फोन बंद ठेवला, स्टूल घेऊन गॅससमोर बसले आणि पाऊण तास हललेसुद्धा नाही. चटका बसला, ताई. उजव्याच हाताला. पट्टी बांधली तर ती वाकडीतिकडी झाली, आणि मला तुझं वाक्य आठवलं.

तिसरा बरा होता. यांनी खाल्ला. पण दुसऱ्यांदा घेतला नाही.

मावशी कुठे गेली हे कुणाला ठाऊक नाही. तुझ्या ओळखीत कुणी असेल तर बघ. वर्धापनदिन १८ एप्रिलला आहे.

तुझी,
छोटी


२ एप्रिल

छोटे,

मावशी माझ्याकडे आहेत.

हे मी आधीच लिहायला हवं होतं. तुझ्या घरातली बाई मी पळवली असं तू म्हणशील म्हणून टाळत राहिले, आणि टाळलेलं पत्र मुरत ठेवलं तर नासतं. त्यांनी मला लिहिलं, मी 'या' म्हणून कळवलं. एवढीच हकिकत.

त्या एका पिशवीनिशी आल्या. पुढच्या खोलीत शिरल्या, नळ सोडला, मोरीत हात घालून उतार पाहिला आणि म्हणाल्या, "चालेल." माझी खोली आजवर कुणी इतक्या थोडक्यात पास केली नव्हती. आता मी तराजूपाशी बसते, त्या शेगडीपाशी. पहिल्याच दिवशी मी साखर जरा सढळ हाताने टाकली तर म्हणाल्या, "ताई, हे खोकल्याचं औषध नाही." मी साठीच्या पुढची बाई, पण साखर काढून घेतली.

चार दुकानांत बाटल्या जातात. सकाळी रस्त्यावरून जाणारी माणसं वासाने थांबतात, दारात उभी राहून गप्पा मारतात. दोन वर्षांत माझ्याशी एवढं कुणी बोललं नव्हतं. हे मुद्दाम लिहिते, कारण तू विचारणार नाहीस.

तिसरा घाणा तू एकटीने केलास हे ऐकून मावशी म्हणाल्या, "पाऊण तास बसल्या? मग बाईंना येईल." मी त्यांना तुझं पूर्ण पत्र वाचून दाखवलं. 'मुखदुर्बळ'सुद्धा.

सोबत एक बाटली पाठवतेय. चाख आणि चौथा घाणा लाव. अजून सोळा दिवस आहेत.

ताई


८ एप्रिल

ताई,

मी तुझ्यावर भयंकर रागावले आहे. सख्खी बहीण! घरफोडी करणारा चोरसुद्धा मागून पत्र पाठवून 'माल मिळाला' असं कळवत नाही. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. यांना ते फार आवडलं, त्यामुळे तिसऱ्या दिवशी बोलायला लागले.

चौथा घाणा केला. मावशीचा जाम एका बशीत, माझा दुसऱ्या बशीत, आणि यांना डोळे मिटून चाखायला लावलं. यांनी मावशीचा ओळखला. पण माझाही पूर्ण संपवला, आणि बशी स्वतः धुतली. म्हणजे तसा तो वाईट नाही. पण नगराध्यक्षांना 'तसा वाईट नाही' जाम कसा द्यायचा?

तेव्हा राग बाजूला ठेवून लिहिते. बारा बाटल्या ताबडतोब पाठव. फक्त लेबल लावू नका. नुसत्या कोऱ्या बाटल्या. कापड आणि रिबन मी इथे बांधीन, गाठ आता मला जमते.

आणि एक सांगायचंच राहिलं. तू पाठवलेल्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत कुणा बाईचं नाव छापलंय. ही कोण? मी तर या नावाचं कुणी ऐकलेलं नाही. तुम्ही भागीदार घेतलीय का तिसरी? नीट चौकशी केलीस ना? मावशी भोळी आहे, ताई. राबायचं हिने आणि नाव मिरवायचं भलतीनेच, असं व्हायला नको. जगात अशा बायका असतात.

तुझी,
छोटी


१३ एप्रिल

छोटे,

बारा बाटल्या पाठवल्या आहेत. लेबलं लावलेली आहेत. भिजवून काढायचा प्रयत्न करू नकोस, चिकटवायची खळ मावशींनी स्वतः शिजवली आहे.

तिसरी भागीदार कुणी नाही. ते नाव मावशींचं आहे.

ताई